व्यसनमुक्तीच्या इतिहासांतील कांहीं पानें

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे स्मरणिकेंत मंदिराचा पाया केव्हां घातला, घंटा कोणी अर्पण केली, वेदी कोणाच्या देणगीनें उभी राहिली, येथें कोणकोण धर्मगुरु सेवा करून गेले, हें सर्व साद्यंत लिहिलें जातें. आणि तें योग्यच आहे. पूर्वजांचें ऋण मान्य करणें हा महोत्सवाचा पहिला धर्म होय. परंतु प्रत्येक धर्मग्रामास दुसराहि एक इतिहास असतो. तो बाप्तिस्म्याच्या वहींत लिहिलेला नसतो. मरणाच्या वहींत मात्र अधूनमधून त्याची पुसट खूण सांपडते. अकालीं गेलेला कर्ता पुरुष, गहाण पडलेली वाडी, मध्यरात्रीं मुलांना घेऊन शेजाऱ्याच्या दारीं उभी राहिलेली माउली, शाळा सोडून कामास लागलेलें पोर, यांचा तो इतिहास. तो सर्वांस ठाऊक असतो, पण उच्चारीत कोणीच नाहीं.

या महोत्सवी वर्षीं आम्ही त्याच इतिहासाविषयीं लिहावयाचें ठरविलें आहे, आणि त्यास एक कारणहि घडलें. कांहीं महिन्यांपूर्वीं आपल्याच धर्मग्रामांतील तिघे गृहस्थ आमच्याकडे आले. देवकृपेनें त्यांची दारू सुटली आहे. आठवड्यांतून एक सायंकाळ सभागृहामागील खोली आम्हांस मिळावी, म्हणजे आमच्यासारखे आणखी जे कोणी असतील त्यांच्यासह आम्ही बसूं, एवढीच त्यांची मागणी होती. आम्हीं ती मान्य केली. त्यानंतर कांहीं वडीलधाऱ्या मंडळींनीं आम्हांस सद्‌भावनेनें विचारलें, "फादर, मंदिराच्या आवारांत दारुड्यांची बैठक भरली तर लोक काय म्हणतील?" या प्रश्नाचें उत्तर वादानें देण्यापेक्षां इतिहासानें द्यावें, असें आम्हांस वाटलें.

शपथेची लाट

आयर्लंडची भूमि श्रद्धेसाठीं जितकी प्रसिद्ध, तितकीच एके काळीं मद्यपानासाठीं बदनाम होती. दारिद्र्य, कोंदट घरें, आणि आठवड्याचा पगार हातीं पडतांच गुत्त्याची वाट धरण्याची मजुरांची रीत, यांमुळें हें व्यसन कुळाकुळांत शिरलें होतें. त्या देशांतील कॉर्क शहरीं फादर थिओबाल्ड मॅथ्यू नांवाचे कपुचिन संघाचे धर्मगुरु राहत असत. त्यांचा जन्म १७९० सालचा. गरिबांच्या वस्तींत त्यांचें सतत जाणेंयेणें असे. क्वेकर पंथाचे विल्यम मार्टिन नांवाचे एक गृहस्थ त्यांस पुनःपुनः विनवीत कीं, मद्यत्यागाच्या कार्याचें पुढारपण आपण घ्यावें. अखेर १० एप्रिल १८३८ रोजीं फादर मॅथ्यूंनीं पूर्ण मद्यत्यागाच्या वहींत प्रथम स्वतःचें नांव लिहिलें, आणि मग लोकांस हांक दिली.

पुढील चार-पांच वर्षांत लक्षावधि स्त्रीपुरुषांनीं त्यांच्यापुढें गुडघे टेकून शपथ घेतली. सरकारच्या अबकारी दप्तरांत नोंदलेला कडक दारूचा खप सुमारें निम्म्यावर आला. एका साध्या मठवासी धर्मगुरूच्या शब्दानें जें झालें, तें कायद्यास व पोलिसास साधलें नव्हतें.

परंतु लाट जशी चढते तशी ओसरतेहि. १८४५ पासून बटाट्याचें पीक नासून भयंकर दुष्काळ पडला. लोक अन्नावांचून मेले, जे वांचले त्यांतील पुष्कळ देशोधडीस लागले. फादर मॅथ्यू स्वतः कर्जांत बुडाले व पुढें प्रकृतीनेंहि खचले. कित्येक ठिकाणीं वाचनगृहें व वादकमंडळें निघालीं होतीं, नाहीं असें नाहीं. परंतु तें सारें बव्हंशीं एका माणसाच्या तेजावर उभें होतें. हजारोंच्या समुदायांत गुडघे टेकणारा माणूस दुसऱ्या दिवशीं सकाळीं एकटाच उठे, आणि त्याच्या घराशेजारचा गुत्ता उघडाच असे. ८ डिसेंबर १८५६ रोजीं, अमलोद्भवाच्या सणाच्या दिवशीं, फादर मॅथ्यूंनीं देह ठेविला.

आमचा अनुभव याहून निराळा नाहीं, आणि तो येथें लपविणें योग्य होणार नाहीं. नवदीक्षित असतांना आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत साहाय्यक होतों. तेथें एक सुतार होता. हात असा कीं लांकडांत जीव ओतावा, पण मिळकत सगळी बाटलींत. उपवासकाळांतील एका शुक्रवारीं आम्हीं त्यास वेदीपुढें गुडघे टेकावयास लाविलें, क्रुसावर हात ठेवून शपथ दिली, त्याची बायको रडली, आम्हांसहि कृतार्थ वाटलें. त्यानंतर आम्ही त्याच्या घरीं एकदांहि गेलों नाहीं. सतरा दिवसांनीं त्याची शपथ मोडली. प्यालेल्या माणसास मंदिरांत येण्यास जितकी लाज वाटत नाहीं, तितकी शपथ मोडलेल्यास वाटते, हें तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें. तो मिस्सेस येईनासा झाला, आणि त्याची आमची पुढची भेट झाली ती त्याच्या शवपेटीपाशीं. आम्हीं त्यास शपथ दिली होती. सोबत दिली नव्हती.

डब्लिनचा मजूर

ज्या वर्षीं फादर मॅथ्यू वारले, त्याच वर्षीं, २ मे १८५६ रोजीं, डब्लिन शहरांत मॅट टॅल्बट जन्मास आला. बारा भावंडांतला तो दुसरा. बाप बंदरांत नोकरीस असून स्वतः पिणारा. आई एलिझाबेथ ही सोशिक व देवभीरु. शाळेचें तोंड जेमतेम पाहून १८६८ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, मॅट कामास लागला. आणि तें काम मिळालें दारूच्या एका व्यापाऱ्याच्या कोठींत. बाटल्या भरतां भरतां बाटली ओठांस लागली. पुढें तो गवंड्यांच्या हाताखालीं विटा-चुना वाहूं लागला. अंगाचा काटक, कामाला वाघ. पण शनिवारची मजुरी गुत्त्याच्या मेजावर, आणि ती संपली कीं अंगावरचे जोडेहि विकावयाचे, असा क्रम सोळा वर्षें चालला. एकदां तर त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या एका गरिबाचें वाद्यच लांबविलें व त्या पैशांची दारू प्याले.

१८८४ सालीं, त्याच्या वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, एका शनिवारीं तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. आठवडाभर काम नव्हतें, खिसा रिकामा होता. त्याच्या पैशांवर आजवर जे प्याले होते ते सोबती मजुरी घेऊन येत होते. एकानेंहि त्यास आंत बोलाविलें नाहीं. तो मुकाट्यानें घरीं परतला. भर दुपारीं शुद्धीवर घरीं आलेला मुलगा पाहून आईस नवल वाटलें. जेवण झाल्यावर त्यानें सांगितलें कीं, मी शपथ घ्यावयास जातों. पाळावयाची नसेल तर घेऊं नकोस, असें त्या माउलीनें त्यास बजाविलें, आणि पाळण्यास देव तुला बळ देवो, असा आशीर्वादहि दिला.

क्लॉनलिफ येथील धर्मगुरु-प्रशिक्षणालयांत जाऊन त्यानें कुमसार केला व तीन महिन्यांची शपथ घेतली. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. जन्माची शपथ नव्हे, तीन महिन्यांची! आणि ते तीन महिनेहि त्यास डोंगरासारखे वाटले. मुदत संपतांच मी पुन्हां पिणार, असें तो आईस म्हणे. पण ती संपली तेव्हां त्यानें सहा महिन्यांची घेतली, आणि मग जन्माची. दुबळ्या माणसास आयुष्याचा भार एकदम उचलत नाहीं. आजचा मात्र उचलतो. ही गोष्ट त्या काळीं कोणत्याहि पुस्तकांत वाचून नव्हे, तर भोगून त्यास कळली.

या नव्या आयुष्यास आधार कोणाचा मिळाला, तें पाहणें आपल्या कामाचें आहे.

पहिला आधार घराचा. आईनें जुनीं पापें उकरून काढलीं नाहींत. पुढें बाप वारल्यावर तो तिच्यापाशींच राहिला, व १९१५ सालीं तिचें निधन होईपर्यंत दोघांनीं एकमेकांस सांभाळिलें.

दुसरा आधार धर्मगुरूचा. त्या पहिल्या कुमसारानंतर तो वेळोवेळीं मार्गदर्शनास जात राहिला. क्लॉनलिफचे प्राध्यापक डॉ. मायकेल हिकी हे पुढें त्याचे आत्मिक मार्गदर्शक झाले. विद्वान प्राध्यापक व अर्धशिक्षित मजूर यांचा हा स्नेह वर्षानुवर्षें टिकला. शपथ देऊन मोकळें होणें आणि माणसाबरोबर चालणें यांतील अंतर येथें दिसतें.

तिसरा आधार नव्या जागेचा व नव्या सहवासाचा. काम सुटल्यावर पाय गुत्त्याकडे वळत. त्यांस कोठें तरी नेलेंच पाहिजे होतें. म्हणून तो सायंकाळीं दूरवर चालत जाई व वाटेंतील मंदिरांत बसे. एकदां मोहानें तो गुत्त्यांत शिरलाहि; परंतु गर्दींत त्याजकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं, तेव्हां तो तसाच बाहेर पडून मंदिरांत जाऊन बसला. त्या दिवसापासून खिशांत पैसेच बाळगावयाचे नाहींत असा त्यानें नेम केला. कामापूर्वीं पहांटेच्या मिस्सेस जाणें हा त्याचा रोजचा परिपाठ झाला. तो सोडॅलिटींत दाखल झाला, आणि १८९० सालीं संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचा सभासद झाला. जुने सोबती सुटले, पण तो एकाकी राहिला नाहीं.

येथपर्यंत तो दारूपासून दूर झाला; आतां त्याची वाढ पाहावी. प्रथम त्यानें देणें फेडण्यास आरंभ केला. ज्या ज्या गुत्त्यांत उधारी होती तेथें जाऊन त्यानें पैसे पोंचते केले. फिडलवाल्याचा त्यानें शहरभर शोध केला. तो सांपडला नाहीं, तेव्हां ती रक्कम त्याच्यासाठीं मिस्सा अर्पण करण्यास दिली. मग जिभेची शिवराळ संवय सोडली. तंबाखू सोडली, आणि ती सोडणें दारूहून जड गेलें, असें तो सांगे. ज्यास शाळेंत नीट वाचतां येत नव्हतें तो संत ऑगस्टिन, संत फ्रान्सिस द सेल्स, संत तेरेजा यांचे ग्रंथ वाचूं लागला. न कळलेलें तो कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून ठेवी व धर्मगुरूंस विचारी. देवानें मनांत उजेड पाडावा म्हणून मी आधीं प्रार्थना करितों, असें तो सांगत असे.

लांकडाच्या वखारींत मजुरी करीत त्यानें पुढचीं बहुतेक वर्षें काढिलीं. मिळे त्यांतून अल्प स्वतःस ठेवून बाकीचें तो गरिबांस व चीनमधील धर्मप्रसाराच्या कार्यास देई. १९१३ सालीं डब्लिनमध्यें मालकांनीं कामगारांस टाळेबंदी केली, तेव्हां त्यासहि काम नव्हतें. कामगार-संघाकडून मिळालेला भत्ता त्यानें मुलेंबाळें असलेल्या सोबत्यांत वाटला. दारूच्या काळांत जो दुसऱ्याचें वाद्य विकी, तोच हा माणूस.

७ जून १९२५, परम पवित्र त्रैक्याचा रविवार. डोमिनिकन संघाच्या मंदिरांत मिस्सेस जातां जातां ग्रॅनबी लेन नांवाच्या गल्लींत तो कोसळला व तेथेंच वारला. इस्पितळांत नेईपर्यंत तो कोण हें कोणास ठाऊक नव्हतें. तेथें त्याच्या अंगावर प्रायश्चित्ताच्या सांखळ्या आढळल्या. या सांखळ्यांचीच पुढें फार चर्चा झाली. परंतु आमचें सांगणें असें कीं, त्या त्याच्या मार्गदर्शकाच्या संमतीच्या होत्या, आपल्या अनुकरणाच्या नव्हेत. आपण अनुकरण करावयाचें तें त्याच्या परतफेडीचें, नेमाचें व नम्रतेचें. १९२६ सालीं सर जोझफ ग्लिन यांनीं त्याचें लहानसें चरित्र प्रसिद्ध केलें व त्याचें नांव देशोदेशीं गेलें. ३ ऑक्टोबर १९७५ रोजीं परमगुरु सहावे पॉल यांनीं त्यास 'पूजनीय' घोषित केलें. एकेचाळीस वर्षें त्यानें दारूस स्पर्श केला नाहीं.

ॲक्रनची भेट

एवढें असूनहि एक आधार मॅट टॅल्बटास लाभला नव्हता. ज्यानें तेंच दुःख भोगलें आहे, असा सोबती त्याच्या शेजारीं नव्हता. ही उणीव भरून निघाली ती त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं, समुद्रापलीकडे अमेरिकेंत.

१९३५ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कचे बिल विल्सन नांवाचे शेअरबाजारांतील एक गृहस्थ कामानिमित्त ओहायो प्रांतांतील ॲक्रन शहरीं आले. दारूनें त्यांचें सर्वस्व घालविलें होतें. नुकतेच कांहीं महिने ते तीपासून दूर होते. व्यवहार फसला. ते हॉटेलांत एकटे, आणि समोरच्या मद्यालयांतून हंशाचा आवाज येतो आहे. त्या क्षणीं त्यांस असें उमगलें कीं, आपणांस वांचावयाचें असेल तर दुसऱ्या एखाद्या मद्यप्याशीं बोललें पाहिजे. त्यांनीं एका पाळकास दूरध्वनि केला. त्या ओळखीनें १२ मे रोजीं हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंच्या घरीं त्यांची डॉ. रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्यांशीं गांठ पडली. डॉक्टरहि पुरते व्यसनाधीन होते. पंधरा मिनिटांवर बसणार नाहीं या अटीवर ते आले होते. ते कित्येक तास बसले. कारण समोरचा गृहस्थ उपदेश करीत नव्हता, स्वतःची हकीकत सांगत होता. १० जून १९३५ रोजीं डॉ. स्मिथ यांनीं अखेरचा पेला घेतला, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या बंधुसंघाचा जन्मदिवस मानला जातो.

हा संघ कोणत्याहि एका धर्मपंथाचा नाहीं. त्यास वर्गणी नाहीं. सभासद आपण होऊन जें देतील त्यावर तो चालतो. येथें नांवाची गुप्तता राखली जाते. १९३९ सालीं त्यांनीं आपल्या बारा पायऱ्या ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. त्यांचा सारांश असा: दारूपुढें आपलें कांहीं चालत नाहीं हें कबूल करावें, देवाच्या हातीं स्वतःस सोंपवावें, आपल्या आयुष्याचा झाडा घ्यावा, आपले दोष देवापाशीं व एका माणसापाशीं उघड करावे, ज्यांचें नुकसान केलें त्यांची भरपाई करावी, आणि आपणांस जें मिळालें तें दुसऱ्या पीडितास द्यावें. आपल्या लोकांस यांत अनोळखी असें काय आहे? विवेकपरीक्षा, पश्चात्ताप, कबुली, भरपाई हे शब्द आपण पहिल्या कुमसाराच्या वर्गांतच शिकलों. १९४० सालच्या हिवाळ्यांत सेंट लुईसचे येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग, सांधेदुखीनें काठी टेकीत, एका रात्रीं बिल विल्सन यांस भेटावयास गेले. संत इग्नाती यांच्या आत्मिक साधनेशीं या पायऱ्यांचें साम्य त्यांस दिसलें होतें. त्यांचा स्नेह फादर डाउलिंग १९६० सालीं वारेपर्यंत टिकला.

ॲक्रन येथेंच सेंट थॉमस इस्पितळांत सिस्टर इग्नेशिया गॅव्हिन या जन्मानें आयरिश असलेल्या मठवासिनी रोग्यांस दाखल करून घेण्याच्या कामावर होत्या. त्या काळीं मद्यपी रोग्यास इस्पितळांत खाट मिळणें दुर्घट असे. १९३९ सालीं डॉ. स्मिथ यांच्या विनंतीवरून सिस्टरांनीं असा एक रोगी पोटाच्या विकाराच्या नांवाखालीं दाखल करून घेतला. आणि त्याच्याशीं सोबत्यांस मोकळेपणानें बोलतां यावें म्हणून त्याची खाट फुलें ठेवण्याच्या खोलींत हालविली. पुढें त्या इस्पितळांत हजारों रोग्यांची शुश्रूषा झाली. निरोप देतांना सिस्टर प्रत्येकास पवित्र हृदयाचा बिल्ला देत व सांगत कीं, पहिला पेला घेण्याआधीं हा मला परत आणून दे. फुलांच्या एका खोलीनें इतिहास घडविला. सभागृहामागील आपल्या खोलीचा विचार करितांना हें आठवावें.

या कामांत वैद्याचा वाटा किती मोठा आहे, हेंहि तेथें स्पष्ट झालें. १९५६ सालीं अमेरिकेच्या वैद्यक-संस्थेनें मद्यासक्ति हा रोग असल्याचें मान्य केलें. रोग म्हटल्यानें पाप सुटत नाहीं, आणि पाप म्हटल्यानें रोग बरा होत नाहीं. कृपा ही निसर्गास मोडीत नाहीं, पूर्णत्वास नेते, असें संत थॉमस अक्वायनस यांनीं आम्हांस शिकविलें. म्हणून औषध घेणें ही अश्रद्धा नव्हे. १९५१ सालीं बिल यांच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकारानें मद्यप्यांच्या कुटुंबियांसाठीं 'अल-अ‍नॉन' हा स्वतंत्र संघ निघाला; कारण एकजण पितो, पण आजारी सगळें घर पडतें.

आपल्या प्रांतांत

आपल्याकडे ताडी-माडीचीं झाडें अंगणांत आणि बाटली सणांत, ही स्थिति जुनीच. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें उघडे गुत्ते बंद झाले, पण आडबाजूस हातभट्ट्या पेटल्या. कायदा दुकानास कुलूप लावूं शकतो. तहानेस लावूं शकत नाहीं. पुढें बंधनें सैल झालीं, आणि दुकानें पुन्हां उघडलीं.

मुंबईंत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचें कार्य १९५७ सालीं सुरू झालें. १९८१ सालीं वांद्र्याच्या माउंट कार्मेल धर्मग्रामांत फादर जोझफ परेरा यांनीं 'कृपा फाउंडेशन' ही संस्था स्थापिली. फादर परेरा हे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. बारा पायऱ्यांच्या जोडीस त्यांनीं योगासनें व ध्यान यांचा उपयोग केला, आणि मंदिराच्या आवारांत लाविलेलें हें रोप देशांत अनेक ठिकाणीं वाढलें. २००९ सालीं सरकारनें त्यांस 'पद्मश्री' दिली. १९८६ सालीं पुण्यांत डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनीं, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्यानें, 'मुक्तांगण' हें केंद्र उघडलें. तेथें तर बरे झालेले रोगीच पुढें नव्या रोग्यांचे सेवक झाले. मंदिराच्या आवाराचें नांव अशा कार्यानें गेल्याचें वांद्र्यास कोणी म्हटलेलें आम्हीं ऐकिलें नाहीं.

आपलें कर्तव्य

या इतिहासावरून कांहीं व्यवहाराच्या गोष्टी निघतात, त्या थोडक्यांत सांगतों. फार दिवस जास्त पिणाऱ्यास घरांत कोंडून त्याची दारू एकाएकीं तोडूं नये. त्यानें कंप, झटके, भ्रम होऊन प्रसंगीं प्राणहि जातो. आधीं डॉक्टरास दाखवावें. नवऱ्याच्या व्यसनाचा दोष बायकोस देऊं नये. मार खाणाऱ्या बायकोस, तूं सोस, देव पाहतो आहे, असें सांगून परत धाडूं नये. प्रथम तिला व मुलांना सुरक्षित ठेवावें. ज्याची शपथ मोडली त्यास, आम्हांला ठाऊकच होतें, असें म्हणूं नये. पडणें हा पुष्कळांच्या वाटेंतला टप्पा असतो. मुक्काम तो नव्हे. आणि लग्नांत, बारशांत किंवा सणांत एखाद्यानें पेला नाकारला, तर 'एकच घे, आमच्या आनंदासाठीं' हा आग्रह कृपा करून करूं नये. आपला आनंद अर्ध्या तासाचा, त्याचें सारें आयुष्य. महोत्सवाच्या भोजनांत यंदां मद्य ठेवावयाचें नाहीं असें आम्हीं ठरविलें आहे, त्याचें कारण हेंच. याबद्दल जे नाराज असतील त्यांनीं रोष आमच्यावर ठेवावा.

पवित्र शुभवर्तमानांत पक्षाघाती माणसाची कथा आहे. चौघांनीं त्यास खाटेसह उचलून आणिलें. गर्दीमुळें दार मिळेना, तेव्हां छप्पर उघडून त्यास प्रभूपुढें सोडिलें. त्या चौघांचा विश्वास पाहून प्रभूनें त्यास क्षमा केली व उठविलें. व्यसनी माणसाचे चौघे कोण, हें वरील इतिहास सांगतो: घर, धर्मगुरु, वैद्य आणि समदुःखी सोबती. यांतला एक जरी नसला तरी खाट तिरपी होते. आम्हीं त्या सुतारास एकट्यानें उचलूं पाहिलें, म्हणून तो आमच्या हातून पडला. आणि त्या कथेंत आणखी एकजण आहे, ज्याच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं: ज्याच्या घराचें छप्पर त्या दिवशीं उघडलें गेलें, तो. त्यानें तक्रार केल्याचें सुवार्तिकानें लिहिलेलें नाहीं. तें घर म्हणजे आपला धर्मग्राम होय, असें आम्ही समजतों.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या रीतीप्रमाणें दारूनें मेलेल्या माणसासहि चार खांदेकरी मिळतातच. त्यांत आजवर आपण कधीं कमी पडलों नाहीं. पण ते चौघे त्याला जिवंतपणीं मिळावे, एवढीच या महोत्सवी वर्षीं आमची विनंती आहे. बुधवारीं सायंकाळीं सात वाजतां त्या खोलींतला दिवा लागतो. ज्यास गरज असेल त्यानें यावें. त्याचें नांव कोणी विचारणार नाहीं. ज्यास गरज नसेल त्यानें जातां जातां त्या दिव्याकडे पाहून एक 'नमो मरिया' म्हणावी. सर्वशक्तिमान देव आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.